अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज का बसला, हे विचारणार कोण?

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘सेमीकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा भारतात घडवलेला ३२ बिटांचा मायक्रोप्रोसेसर पंतप्रधानांना भेट देण्यात आला. डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची तरतूद करून अर्धवाहक उद्योगाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हापासून गुजरात आणि आसामात उभ्या राहणाऱ्या कारखान्यांच्या बातम्या सातत्याने येत आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्या आनंदाने वाचाव्यात, याविषयी वाद नाही. वाद आहे तो या बातम्यांच्या शेजारी कधीच न छापल्या जाणाऱ्या एका लहानशा गोष्टीविषयी.

घरातला दहा-पंधरा वर्षांचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर क्षीण वाजू लागतो. पूर्वी बटण दहाच्या काट्यावर आणले की खोली भरून जात असे. आता ते दोनच्या काट्यावर नेले तरी गाणे शेजारच्या खोलीतून आल्यासारखे वाटते. त्या घरात बहुधा एखादा भौतिकशास्त्राचा पदवीधर असतो, क्वचित इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंताही असतो. तरीही निकाल पाच मिनिटांत लागतो: ‘जुना झाला, नवा घ्या.’ हा निकाल दरवेळी चुकीचाच असतो असे नाही. आक्षेप इतकाच, की तो कोणतीही चौकशी न करता दिलेला असतो. नाडी न पाहता रुग्णाला मृत घोषित करणाऱ्या वैद्यावर समाज विश्वास ठेवणार नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र सुशिक्षित समाज रोज तेच करतो आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो.

भारतीय राज्यघटनेत १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्या कर्तव्याची परीक्षा अवकाशयानाच्या उड्डाणाला टाळ्या वाजवताना होत नसते. हाताशी असलेली वस्तू अपेक्षेप्रमाणे वागेनाशी झाली, की ‘का?’ हा प्रश्न क्रमाने विचारता येतो की नाही, तिथे ती होते. त्या परीक्षेसाठी आवाज बसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरइतकी स्वस्त आणि चांगली प्रश्नपत्रिका दुसरी सापडणे कठीण.

या प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्नच बहुतेकांकडून सुटतो: नेमकी तक्रार काय आहे? ‘आवाज कमी झाला’ हे एक वाक्य असले तरी त्यात चार-पाच निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. दोन्ही स्पीकर सारखेच मंद वाजतात, की एकच? सगळे सूर मंद आहेत, की तबल्याचा घुमारा तेवढा गेला आहे? हळू वाजवताना आवाज स्वच्छ आहे आणि वाढवला की फाटतो, असे होते का? मागे सतत गुणगुण ऐकू येते का? प्रत्येक उत्तर संशयितांची यादी छाटत जाते. ही छाटणी न करता जो स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, तो प्रयोग करत नसतो, जुगार खेळत असतो.

दुसरी पायरी अदलाबदलीची. समजा, डावा स्पीकर मंद आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारांची जागा बदलावी. मंदपणा आता उजव्या स्पीकरकडे गेला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. मग तारा पूर्ववत करून मागच्या बाजूच्या डाव्या-उजव्या इनपुट पिनांची अदलाबदल करावी. मंदपणा पुन्हा सरकला, तर दोष स्रोतात किंवा त्याच्या केबलमध्ये. जागच्या जागी राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात. या साऱ्याला एक पैसा लागत नाही आणि झाकणही उघडावे लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि परिणाम नोंदवायचा, हे तत्त्व प्रयोगशाळेच्या जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. ते पान उलटले की ते विसरले जाते, ही खरी शोकांतिका.

यानंतर अंकगणिताची पाळी येते, आणि अंकगणिताचे पहिले काम निरपराधांना सोडवणे हे असते. या प्रकरणात तीन आरोपींवर लोकांचा फार राग असतो: कमी व्होल्टेज, स्पीकरची तार आणि ‘कमी वॉट’.

व्होल्टेज पाहू. एखाद्या गावात २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्टच येतात असे मानू. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतले पुरवठा-व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरते आणि कमाल शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० भागिले २३० याचा वर्ग सुमारे ०.६१. म्हणजे ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ३० वॉटचा झाला. ऐकायला हे भयंकर वाटते. कानाच्या मापात ती घट जेमतेम २ डेसिबल भरते, आणि तीसुद्धा आवाज अगदी टोकाला नेल्यावर. बटण मधोमध असताना आवाज निम्म्याहून कमी वाटत असेल, तर त्याचा दोष वीज मंडळाच्या माथी मारता येत नाही.

तारेचे तसेच. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची साधी तार १० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होतात आणि तिचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी याने होणारी घट साधारण ०.७ डेसिबल. इतका फरक शांत खोलीत कान टवकारून बसणाऱ्यालाही सहज कळणार नाही. हजारो रुपयांच्या ‘शुद्ध’ केबलने मेलेला आवाज जिवंत होतो, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला एवढा एक गुणाकार पुरे. त्याच विक्रेत्यासमोर विज्ञानाचे पदवीधर मान डोलावताना दिसतात, यावर कोणत्या विद्यापीठाने विचार केला आहे?

तिसरा आरोपी वॉट. आवाज कमी पडतो म्हणून ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणणारा माणूस शक्ती दुप्पट करतो आणि पदरात ३ डेसिबल पाडून घेतो. कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. आणि मुळात घरात किती शक्ती खर्च होते? ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर १ वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो. रोजच्या ऐकण्यात सरासरी एखादा वॉटही खर्च होत नाही. जो अ‍ॅम्प्लिफायर १ वॉटसुद्धा नीट देत नाही, त्याचा रोग ‘वॉट कमी’ हा नाही.

निरपराध सुटले, आता खरे संशयित. त्यातले पहिले अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर असतात. सीडी प्लेयरचा संकेत पूर्ण पातळीवर सुमारे २ व्होल्ट असतो. मोबाइलच्या हेडफोन-जॅकमधून बऱ्याचदा अर्ध्या व्होल्टच्या आसपासच मिळतो. हा चौपट फरक १२ डेसिबल होतो. ब्लूटूथ वापरताना आवाजाची दोन बटणे असतात, एक फोनवर आणि एक यंत्रावर. फोनवरचे अर्ध्यावर ठेवून यंत्राला दोष देणे ही आजची सर्वांत प्रचलित चूक. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. फिरत्या चुंबकाच्या पिकअपमधून सुमारे ५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे सीडी प्लेयरच्या ४००व्या हिश्शाइतके. त्यासाठी वेगळा फोनो प्रवर्धक लागतो. तो न लावता तार साध्या इनपुटला जोडली, तर आवाज मुंगीसारखा आणि घुमाराहीन येणारच. इथे बिघडलेले काहीच नाही, जोडणी चुकलेली आहे. घुमारा गेल्याचे आणखी एक फुकट कारण म्हणजे एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी बसणे. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खालच्या सुरांत दोघे एकमेकांना खोडून काढतात.

यंत्राच्या आत शिरताना नियम सांभाळावा लागतो. कालौघात आधी थकतात ते हलणारे, उघडझाप होणारे आणि तापणारे भाग. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल, तर त्याच्या आतल्या पट्टीवर मळ साचला आहे. आवाज वाढवला की मंद बाजू अचानक जागी होते आणि कमी केला की पुन्हा झोपते, असे होत असेल, तर स्पीकरला संरक्षण देणाऱ्या रिलेच्या संपर्कबिंदूंवर गंज चढल्याचा संशय घ्यावा. पातळ गंज मोठ्या संकेताला वाट देतो, लहान संकेताला अडवतो. खालून येणारी गुणगुण ५० हर्ट्झची आहे की १०० हर्ट्झची, हे कानाने किंवा फोनमधल्या स्पेक्ट्रम अ‍ॅपने ओळखता आले, तर निम्मे निदान झाले. १०० हर्ट्झ म्हणजे बहुधा वीजपुरवठ्याचा मोठा कॅपॅसिटर थकला, कारण पूर्णतरंग एकदिशीकरणानंतर ५०चे १०० होतात. ५० हर्ट्झ म्हणजे बहुधा अर्थिंगची गाठ किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल.

आणि या सगळ्यात एक दोष असा आहे, की त्याच्यासाठी तरी प्रत्येक पदवीधराने थांबावे. एकेरी वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या कित्येक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या अलीकडे १,००० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो. ८ ओहमच्या स्पीकरसह त्याची खालची छेद-वारंवारता सुमारे २० हर्ट्झ येते, म्हणजे मानवी श्रवणाच्या तळाशी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतला द्राव सुकतो. अशा कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, आणि अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक घरांत कपाटाच्या बंद कप्प्यात, वर लेसचा रुमाल पांघरून ठेवलेला असतो. सुकत सुकत धारिता १०० मायक्रोफॅरडवर आली, की छेद-वारंवारता २०० हर्ट्झवर चढते. तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याच्या खर्जाचे मूळ, पुरुषी आवाजाचा पाया, सगळे २००च्या खाली. तेवढेच नाहीसे होते, बाकीचे उरते, आणि घरातले म्हणतात, ‘स्पीकर जुने झाले.’

आता बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राचे जर्नल उघडावे. ‘कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायरचा वारंवारता-प्रतिसाद’ हा प्रयोग देशभरच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे होतो. विद्यार्थी वारंवारता बदलतो, आउटपुट मोजतो, लॉग-कागदावर वक्र काढतो, ३ डेसिबल खालचे दोन बिंदू शोधतो आणि बँडविड्थ लिहितो. खालचा बिंदू कपलिंग कॅपॅसिटर ठरवतो, हे तो तोंडी परीक्षेत धडाधड सांगतो. हेच सूत्र, हाच कॅपॅसिटर त्याच्या दिवाणखान्यात खर्ज गिळून बसलेला असतो, आणि त्याला ओळख पटत नाही. जर्नलमधला अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटातला अ‍ॅम्प्लिफायर एकाच कुळातले आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रयोगशाळेत त्याच्या पुढ्यात येणारे मंडल चालू असते, आणि चालू असणे हीच तिथली अट असते. ते चालले नाही, तर तो परिचराला हाक मारतो; परिचर दुसरा बोर्ड आणून देतो आणि पहिला कपाटात जातो. म्हणजे खरा प्रयोग जिथे सुरू व्हायचा, नेमका तिथेच तो संपवला जातो. अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे रीडिंग उत्तराकडे वाकवण्याची विद्याही तो तिथेच शिकतो. याच्या उलट, आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या प्रायोगिक परीक्षांत ‘काळी पेटी’ हा प्रश्नप्रकार प्रसिद्ध आहे: बंद पेटीत काय आहे, हे बाहेरच्या मोजमापांवरून ओळखायचे. २०१५मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली होती. निवडक मुलांसाठी जी पद्धत उत्तम मानली जाते, ती लाखो सामान्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला का येऊ नये? बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर ही काळी पेटीच आहे, आणि ती रद्दीच्या भावात मिळते.

शिक्षणव्यवस्थेने सोडलेली ही जागा बाजाराने भरली आहे. खोक्यावर ‘१००० वॉट’ छापलेले असते, शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’. या संज्ञेला सर्वमान्य, बंधनकारक अशी मोजमापाची व्याख्याच नाही. ती विक्रेत्याची कल्पनाशक्ती मोजते. त्याच यंत्राच्या पाठीवर विजेचा वापर ‘६० वॉट’ असा लिहिलेला सापडतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दहावीच्या आतच शिकवला जातो. वर्ग-बी प्रकारच्या आउटपुट टप्प्याची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के; म्हणजे ६० वॉट घेणारे असे यंत्र सलग ४७ वॉटपेक्षा जास्त देऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी देते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या लहान अ‍ॅम्प्लिफायर-बोर्डांचे गणित आणखी सोपे आहे. ब्रिज जोडणीत ४ ओहमच्या स्पीकरवर, कोणताही अपव्यय न धरता, न फाटलेल्या साइन तरंगाची शक्ती १८ वॉटच्या पुढे जाऊ शकत नाही: १२चा वर्ग १४४, भागिले दोनदा चार. तरीही असे बोर्ड शंभर-शंभर वॉटच्या नावाने विकले जातात. मग घरी आणलेले यंत्र ‘कमी वाजते’ तेव्हा ते बिघडलेले नसते. ते जन्मतःच तेवढे असते. खोटे असते ते खोके.

अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाने अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीचा दावा कसा मोजून करायचा याचा नियम १९७४मध्ये केला आणि २०२४मध्ये तो सुधारून अधिक काटेकोर केला. कोणत्या रोधावर, कोणत्या वारंवारतांत, किती विकृतीपर्यंत, हे सारे त्यात बांधलेले आहे. भारतात २०१२च्या सक्तीच्या नोंदणी आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंना सुरक्षिततेच्या चाचण्या लावल्या, ते योग्यच झाले. पण यंत्र शॉक देत नाही याची हमी आणि यंत्र सांगितले तेवढे वाजते याची हमी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जुलै २०२०पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आहे. हत्यार घडवून भिंतीवर टांगले आहे. ते उचलायला लागणारा नागरिक मात्र वॉट म्हणजे काय हे विसरला आहे.

दुरुस्तीच्या हक्काची बातमी या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये या विषयावर समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी संकेतस्थळ सुरू केले, आणि सप्टेंबर २०२४मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने ‘दुरुस्तीक्षमता निर्देशांका’चा अहवाल मे २०२५मध्ये सादर केला. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, अशा निकषांवर वस्तूला गुण द्यायचे, ही कल्पना स्तुत्य आहे. फ्रान्सने ती जानेवारी २०२१पासून अमलात आणली आहे. भारतातल्या अहवालाचा रोख मोबाइल आणि घरगुती उपकरणांवर आहे. घरच्या ध्वनियंत्रणेचा विचार त्यानंतर व्हावा, की तिला किरकोळ समजून सोडून द्यावे, याची चर्चाही कुठे ऐकू येत नाही. वास्तविक सर्वांत सहज दुरुस्त होणाऱ्या वस्तूंत जुना अ‍ॅम्प्लिफायर मोडतो. एकेकाळी अनेक रेडिओसंचांच्या आत किंवा सोबतच्या पुस्तिकेत पूर्ण मंडलाकृती छापलेली असे. आज माहितीपुस्तिकेत सुरक्षिततेच्या सूचना पाच भाषांत असतात, मंडलाकृती एकाही भाषेत नसते.

याच्या जोडीला ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची वाढती उद्दिष्टे आहेत: ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८पर्यंत ८० टक्के. पुनर्चक्रण आवश्यक आहे, परंतु त्याचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होते. तीस-चाळीस रुपयांचा कॅपॅसिटर बदलून जे यंत्र दहा वर्षे वाजले असते, त्याचे तुकडे करून तांबे वेगळे काढणे हा विजय नव्हे. ट्रान्सफॉर्मरचा गाभा, अ‍ॅल्युमिनियमचे हीट सिंक, पत्र्याची पेटी यांत ओतलेली ऊर्जा आणि श्रम त्या तुकड्यांतून परत मिळत नाहीत.

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते गंभीरपणे घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप जीविताचा. घरगुती अ‍ॅम्प्लिफायर उघडणे धोक्याचे आहे, आणि हे सौम्य करून सांगणे हा गुन्हा ठरेल. आत २३० व्होल्ट आहेत. प्लग काढल्यानंतरही ४० व्होल्टवर भारलेला १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ८ जूल ऊर्जा धरून बसतो. त्यावर घसरलेला स्क्रू-ड्रायव्हर ठिणगी उडवून टोक वितळवू शकतो. म्हणूनच ज्याला हे काम येत नाही त्याने झाकणाला हात लावू नये. मात्र वर सांगितलेली निम्मी चौकशी झाकणाबाहेरची आहे. अदलाबदल, स्रोताची तपासणी, तारांची दिशा, गुणगुणीची वारंवारता, हे सारे कोणीही करू शकतो. १०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून दोन्ही बाजूंच्या स्पीकर-टोकांवरचे एसी व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजून तुलना करता येते. सूर मुद्दाम १०० हर्ट्झचा घ्यायचा, कारण स्वस्त मीटरची एसी मोजणी काहीशे हर्ट्झच्या पलीकडे भरवशाची नसते. तिथेच डीसी व्होल्टेजही पाहावे: ते काही दशक मिलिव्होल्ट असेल तर ठीक, काही व्होल्ट असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेला असे समजून स्पीकर तत्काळ सोडवावा, नाहीतर त्याचे वेटोळे जळेल. धोका खरा आहे; तो अज्ञानाचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आजच्या छोट्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सारे काही एकाच चिपमध्ये असते, तो दुरुस्त होत नाही, आणि नवा स्वस्त मिळतो. यात तथ्य आहे. वर्ग-डी प्रकारची ही यंत्रे कमी वीज खातात, कमी तापतात. काही वेळा जुने सोडून नवे घेणेच शहाणपणाचे. परंतु त्यांचेही वीजपुरवठ्याचे कॅपॅसिटर, जॅक, स्विच आणि अ‍ॅडॉप्टर जुन्यासारखेच थकतात, आणि दोष चिपमध्ये आहे की दोन रुपयांच्या सुटलेल्या डागात, हे तपासल्याशिवाय कळत नाही. ‘दुरुस्त होत नाही’ हा निष्कर्ष आहे; निष्कर्षाला पुरावा लागतो.

तिसरा आक्षेप असा, की हे काम मेकॅनिकचे आहे, शास्त्रज्ञाचे नाही. या एका वाक्यात भारतीय विज्ञानाचा सर्वांत जुना रोग सामावला आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट इथल्या दुकानांत आजही अशी माणसे आहेत, जी नुसत्या आवाजावरून दोष कोणत्या टप्प्यात आहे ते सांगतात. त्यांचा सिरीज बोर्ड पाहावा: संशयित यंत्राच्या मार्गात १०० वॉटचा साधा बल्ब. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर यंत्र ठीक, प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट. बल्बची तार तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. अरेषीय रोधाचा इतका देखणा उपयोग किती पाठ्यपुस्तकांत सापडतो? या कारागिरांना देवत्व देण्याचेही कारण नाही. त्यांच्यातही निदानाशिवाय भाग बदलत सुटणारे आहेत, आणि बाजारात बनावट आउटपुट ट्रान्झिस्टरचा सुळसुळाट आहे. नाव तेच, आतली चकती लहान. पण ही फसवणूक पकडायला मोजमाप हवे, आणि मोजमाप ज्यांना शिकवले त्यांनी हात मळवायचे नाहीत असे ठरवले आहे. हाताला ज्ञान आहे त्याला सूत्र ठाऊक नाही, सूत्र ठाऊक असलेल्याला हात नाही. या दोघांना एका टेबलावर न आणता अर्धवाहकांचा उद्योग उभारता येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या चिपच्या कारखान्यात किती माणसे ‘उत्पादन का घसरले’ या एकाच प्रश्नामागे राबत असतात, हे समजून घ्यावे. तो प्रश्न आणि ‘आवाज का बसला’ हा प्रश्न सख्खे भाऊ आहेत.

म्हणून मागण्या तीनच, आणि तिन्ही ७६,००० कोटींच्या तुलनेत फुकट म्हणाव्यात अशा.

एक, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरवर सलग शक्ती, ती कोणत्या रोधावर आणि किती विकृतीला मोजली यासह छापणे बंधनकारक करावे, आणि ‘पीएमपीओ’ हे अक्षर खोक्यावरून हद्दपार करावे.

दोन, दुरुस्तीक्षमता निर्देशांकाच्या कक्षेत घरगुती ध्वनियंत्रे आणावीत, आणि हमीची मुदत संपल्यावर मंडलाकृती व सुट्या भागांची यादी सार्वजनिक करण्याची अट घालावी.

तीन, प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत निदान एक प्रयोग न चालणाऱ्या यंत्रावर असावा. कमी व्होल्टेजचा, सुरक्षित, शिक्षकाने मुद्दाम एक दोष पेरलेला अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. गुण दुरुस्तीला नसावेत. कोणता संशय का घेतला, कोणत्या मोजमापाने तो फेटाळला, याच्या नोंदीला असावेत. ज्याला दोष सापडला नाही पण चार निरपराध पुराव्यासह सुटले, तोही उत्तीर्ण व्हावा.

पहिल्या दोन मागण्यांसाठी सरकारकडे डोळे लावून बसावे लागेल. तिसरीसाठी एका विभागप्रमुखाची सही आणि भंगारवाल्याकडची एक फेरी पुरेशी आहे. हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी येत्या प्रात्यक्षिकाच्या तासाला आपल्या शिक्षकांना एवढेच विचारावे: कपाटात ठेवलेला तो बंद पडलेला बोर्ड बाहेर काढता येईल का?

#दुरुस्तीचाहक्क #वैज्ञानिकदृष्टिकोन #भौतिकशास्त्र